शेर्बुरच्या छत्र्या (१९६४): आईला दोषी धरायचं का?

अनवट

फ्रेंच दिग्दर्शक जाक दमीचा ‘ले पाराप्लुई द शेर्बुर’, म्हणजे ‘शेर्बुरच्या छत्र्या’, इथे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. निदान त्यातली ती निरोपाची धून तरी कानावर पडली असेल. या चित्रपटाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, ‘आईनंच पोरीचं वाटोळं केलं.’ मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितोय. शेवटासकट सगळं येणार आहे, तेव्हा ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं.

गोष्ट थोडक्यात अशी. नोव्हेंबर १९५७. नॉर्मंडीतलं शेर्बुर बंदर. जनव्हिएव्ह सोळा-सतरा वर्षांची, आईला छत्र्यांच्या दुकानात मदत करते. गी विशीतला, गॅरेजमध्ये मेकॅनिक, अंथरुणाला खिळलेल्या एलीझ मावशीजवळ राहतो. मावशीची शुश्रूषा करायला मादलेन नावाची अबोल मुलगी येते. गी आणि जनव्हिएव्ह लग्नाचे बेत करतात, मुलांची नावंही ठरवून टाकतात. तेवढ्यात सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं येतं. दोन वर्षं, तीही अल्जिरियात, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेंच वसाहतीत. तो जातो, आणि तिला दिवस गेल्याचं कळतं. पत्रं तुरळक येतात. रोलाँ कासार हा जवाहिऱ्या तिला मागणी घालतो, पोटातलं मूल आपलंच म्हणून वाढवायला तयार होतो. १९५८ च्या एप्रिलमध्ये लग्न होतं. मार्च १९५९ मध्ये गी लंगडत परत येतो तेव्हा दुकान विकलेलं असतं. शेवटचा प्रसंग डिसेंबर १९६३ चा.

आणि हे सगळं गाऊन. मध्येमध्ये गाणी आहेत असं नव्हे, चित्रपटात साधा बोललेला एकही संवाद नाही. इंजिनाचा आवाज, उशिरापर्यंत थांबशील का, कर भरायची नोटीस, सगळं संगीतकार मिशेल लग्राँच्या सुरात.

आता आई. मादाम एमरी एकटीनं दुकान चालवते. कराची थकबाकी अंगावर आलीय, मुदतीत पैसे भरले नाहीत तर दुकान जाणार. ती मोत्यांचा हार विकायला जवाहिऱ्याकडे जाते. तो सरळ पैसे मोजून हार घ्यायला तयार नाही, ठेवून जा, गिऱ्हाईक आलं तर बघू म्हणतो. हा प्रसंग पुन्हा पाहा. ती मानानं उभी राहायची किती धडपड करते, आणि लेकीसमोर हात पसरायची वेळ आल्यावर चेहरा कसा उतरतो. तिथेच उभा असलेला रोलाँ हार विकत घेतो. आईला तो देवदूत वाटला तर यात कावा कुठे आला?

दुसरं म्हणजे तेव्हाचा फ्रान्स. सज्ञानाचं वय २१. ते १८ वर यायला १९७४ उजाडलं. गर्भनिरोधक साधनांना कायद्यानं परवानगी मिळाली १९६७ मध्ये, गर्भपाताला १९७५ मध्ये. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरायचा आणि स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडायचा हक्क विवाहित बाईला १९६५ मध्ये मिळाला. म्हणजे हा चित्रपट पडद्यावर आला त्याच्याही नंतर. छोट्या गावात, मोडकळीला आलेल्या दुकानात, बिनलग्नाची गरोदर अल्पवयीन मुलगी. बाळाचा बाप रणभूमीवर, परत येईल की नाही ठाऊक नाही. अशा वेळी आईनं काय करायला हवं होतं, हा माझा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या चित्रपटात एकही पत्र लपवलं जात नाही. आपण सिनेमे पाहून पाहून अशा ठिकाणी चोरलेल्या पत्राची वाटच पाहत असतो. दमी तो मार्ग घेत नाही. आई खोटं बोलत नाही, रोलाँ फसवत नाही, गी दुसरीत गुंतत नाही. जनव्हिएव्हला त्याचा चेहरा आठवेनासा होतो, त्याचा विचार केला की डोळ्यांपुढे येतो तो फोटो. तिनं स्वतःच्या तोंडानं हे सांगितलंय. खलनायक शोधायचाच असेल तर कॅलेंडरकडे पाहा. पडद्यावर महिन्यांची नावं येत राहतात, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल.

तुमचं मत सांगा.

कवडसा

लेख आवडला, पण सहमत नाही.

आई खोटं बोलत नाही हे खरं. पण ढकलायला खोटंच बोलावं लागतं असं थोडंच आहे? लेक गीसाठी मरून जाईन म्हणते तेव्हा आई तिला ऐकवते की प्रेमापायी माणसं मरतात ती फक्त सिनेमात. रोलाँचं नाव आलं की तिचा आवाज बदलतो, केस नीट होतात, टेबलावर चांगली भांडी येतात. जानेवारीतला राजांच्या केकचा प्रसंग आठवा. एपिफनी या ख्रिस्ती सणाच्या या केकमध्ये एक छोटा दाणा लपवलेला असतो, ज्याच्या तुकड्यात तो निघेल त्याच्या डोक्यावर मुकुट. दाणा जनव्हिएव्हला मिळतो. तिनं आता राजा निवडायचा, आणि टेबलावर पुरुष एकच. मला पर्याय नाही, तुम्हीच माझे राजे, असं ती म्हणते. कागदी सोनेरी मुकुट घातलेली, आतून पूर्ण हरलेली मुलगी. हे जेवण ठरवलं कुणी? आईनं.

आईची परिस्थिती वाईट होती म्हणून मी तिला माफ करेन. पण निर्णय मुलीचा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भीमपलास

मी संगीताच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण आईबद्दलचं उत्तर मला तिथेच सापडतं.

आधी एक गोष्ट. इथे एकही नट स्वतः गात नाही. जनव्हिएव्ह झालेल्या कातरीन दनवचा आवाज दानिएल लिकारीचा, गी झालेल्या नीनो कास्तेलनुओव्होचा जोझे बार्तेलचा. आईची भूमिका आन व्हेर्नोंची, पण तिचा आवाज क्रिस्तियान लग्राँचा, म्हणजे संगीतकाराच्या सख्ख्या बहिणीचा. सगळं ध्वनिमुद्रण चित्रीकरणाच्या आधी झालं, मग नटांनी त्यावर ओठ हलवले. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना यात खटकण्यासारखं काहीच नाही. फरक एवढाच की एरवी गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते, इथे गाणं थांबतच नाही, त्यामुळे गोष्टीलाही थांबता येत नाही.

सुरुवातीला गॅरेजमध्ये गीचा एक सहकारी म्हणतो की त्याला ऑपेरा आवडत नाही, ती सगळी गाणारी माणसं सोसवत नाहीत, त्यापेक्षा सिनेमा बरा. हेही तो गाऊनच म्हणतो. त्याच संध्याकाळी गी आणि जनव्हिएव्ह ‘कार्मेन’ हा ऑपेराच बघायला जातात.

आता आईबद्दल. लग्राँनं प्रेमाची मुख्य धून दोघा प्रेमिकांना दिलीय आणि रोलाँला त्याची स्वतःची वेगळी धून दिलीय. पण आईच्या तोंडी जे येतं ते बहुतेक सगळं बोलण्याच्या लयीतलं, धावतं, श्वास अपुरा पडणारं. हिशेब, भीती, टोमणा, पुन्हा हिशेब. तिला निवांत, लांब, सुंदर अशी ओळ फार क्वचित मिळते. ज्या बाईला उसंत नाही तिला संगीतकारानंही उसंत दिलेली नाही. मी तिला खलनायिका म्हणू शकत नाही ते यामुळे.

चौकस

आई की मुलगी या वादात एक प्रचंड गोष्ट बाजूला पडतेय, ती म्हणजे अल्जिरिया.

फ्रान्सनं १९५४ ते १९६२ या काळात दहा लाखांहून जास्त सक्तीचे सैनिक तिकडे पाठवले. सरकारदरबारी याला युद्ध म्हणतच नव्हते, ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ म्हणत. फ्रेंच संसदेनं कायद्यात ‘युद्ध’ हा शब्द वापरला तो थेट १९९९ मध्ये. दिग्दर्शक गोदारनं १९६० मध्ये अल्जिरियाच्या पार्श्वभूमीवर ‘ल पती सोल्दा’ केला, तो १९६३ पर्यंत बंदीत राहिला. अशा हवेत दमी १९६३ मध्ये एक रंगीबेरंगी, गाणारा चित्रपट करतो आणि त्याच्या मधोमध हे युद्ध ठेवतो.

बंदुकीची एक गोळी दिसत नाही. गीचं पत्र तेवढं येतं. त्यात गस्त आहे, सूर्य आणि मृत्यू तिथे सोबतीनं हिंडतात अशा अर्थाची ओळ आहे. तो परत येतो तेव्हा पायात लंगडणं आहे, मालकाशी भांडण आहे, दारू आहे. एका रात्री बंदरावरच्या बाईकडे जातो. ती स्वतःचं नाव जेनी सांगते, सकाळी म्हणते खरं नाव जनव्हिएव्ह. घरी येतो तर मावशी गेलेली. शेर्बुरमधली माणसं दुकान, केक, कार्निव्हल यात जगत असताना हा पोरगा कुठून आलाय हे त्याला कुणी विचारतसुद्धा नाही. रंग इतके गोड आहेत म्हणूनच ते जास्त लागतं.

आईनं लेकीला ढकललं की नाही हा मुद्दा आहेच, पण त्या पोराला आगगाडीत ढकललं कुणी? सरकारनं. हे आधी बोला.

टिटवी

चौकस, +१. आगगाडीचा उल्लेख आलाच आहे तर त्या निरोपाबद्दल. कॅमेरा गाडीबरोबर निघून जातो. ती फलाटावर थोडी चालते, मग थांबते आणि लहान लहान होत जाते. मला तर आपणच तिला सोडून चाललोय असं वाटतं. आणि ते रस्त्यावरून तरंगत जाणं! दोघं सायकल घेऊन चालत असतात, आणि मध्येच पाय थांबतात, तरी दोघं पुढे सरकत राहतात, मागची घरं मागे जात राहतात. किती साधी युक्ती, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला नेमकं तसंच वाटत असतं.

पण मला बोलायचंय ते शेवटाबद्दल. बर्फ पडतोय, एस्सोचा पेट्रोल पंप गीचा स्वतःचा. मादलेन मुलाला, फ्रान्स्वाला, घेऊन नुकतीच बाहेर गेलीय. काळी गाडी येते, आत जनव्हिएव्ह आणि फ्रान्स्वाझ. मुलीला तिनं ठरलेलंच नाव दिलंय, आणि त्यानं मुलाला. आई शरद ऋतूत वारली असं ती सांगते. मुलीला भेटायचंय का विचारते. आणि गी नाही म्हणतो. तू आता निघ, म्हणतो.

काचेपलीकडे पाच-सहा वर्षांची पोर बसलीय, तुझी स्वतःची. तिचा काय गुन्हा? आईला दोष देणाऱ्यांनी या बापालाही जाब विचारावा. मला या जागी गीचा प्रत्येक वेळी राग येतो.

दर्याकिनारा

मी फ्रान्समध्येच राहतो आणि शेर्बुरला जाऊन आलोय. र्यू द्यु पोर या रस्त्यावरची दुकानाची ती जागा आजही लोक शोधत येतात. गावात या नावानं छत्र्या बनवणारा कारखानाही आहे, तो चित्रपटानंतर वीसेक वर्षांनी, १९८६ मध्ये सुरू झाला. पाऊस मात्र खराखुरा आहे, समुद्रावरून आडवा येतो.

तिथे उभं राहिल्यावर एक जाणवलं. हे गाव मुळात निघून जाण्याचं गाव आहे. अमेरिकेला जाणारी मोठी प्रवासी जहाजं इथे लागायची, टायटॅनिकसुद्धा १० एप्रिल १९१२ रोजी इथून उतारू घेऊन पुढे गेलं. दमीला निरोपाची गोष्ट सांगायची होती आणि त्यानं बरोबर जागा निवडली. तो स्वतः नाँतचा, तेही बंदरच. वडिलांचं गॅरेज होतं, म्हणून गॅरेजमधले हात, तेल, कामानंतर धुणं वगैरे इतकं खरं दिसतं.

जुई

रंगांविषयी कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. कलादिग्दर्शक बर्नार एव्हँनं प्रत्येक खोलीचा भिंतकागद त्या माणसाप्रमाणे निवडला. दुकानात गुलाबी-हिरवे पट्टे. गरोदर जनव्हिएव्हच्या कपड्यावर तीच फुलं जी मागच्या भिंतीवर आहेत. एका क्षणी ती भिंतीत विरून गेल्यासारखी दिसते, जणू त्या घरानं तिला गिळलंय. कवडसा, तुमच्या मुद्द्याला हा पुरावा घ्या. लग्नाआधी शुभ्र जाळीच्या बुरख्यातही ती दुकानातल्या मांडणीच्या पुतळ्यांसारखी दिसते.

जुन्या प्रतींमध्ये हे रंग पार उडाले होते. दमीनं मूळ फिल्मच्या तिन्ही रंगांच्या वेगवेगळ्या कृष्णधवल प्रती करून ठेवल्या होत्या. तो १९९० मध्ये गेला, आणि त्याची पत्नी अन्येस व्हार्दा हिनं त्या प्रतींवरून चित्रपट पुन्हा उभा केला. २०१३ मध्ये डिजिटल पुनरुज्जीवनही झालं. बघणार असाल तर हीच प्रत बघा. यूट्यूबवरच्या पिवळट तुकड्यांवर जाऊ नका, निम्मा चित्रपट हातातून जातो.

अनवट

सगळ्यांचे प्रतिसाद मनापासून वाचले.

कवडसा, ढकलणं मान्य. आईला रोलाँ हवा होता यात शंका नाही. पण मुकुटाच्या प्रसंगात मला अजून एक दिसतं. रोलाँ तिच्याकडे पाहून म्हणतो की अँटवर्पला पाहिलेल्या, बाळ येशूला घेतलेल्या मेरीसारखी तू दिसतेस. ती गरोदर आहे हे त्याला तेव्हा कुणी सांगितलेलं नाही. आई क्षणभर गोठते. तिला लेक खपवायची असती तर तिनं गुपित दडपून लग्न उरकलं असतं. तसं होत नाही. रोलाँला सगळं कळतं, आणि कळल्यावर तो होकार कायम ठेवतो. जनव्हिएव्ह एकदा विचारून बघते, मला अशा अवस्थेत पाहूनही त्यानं नाकारलं नाही तर त्याचं प्रेम खरं. परीक्षा तिची, निकालही तिचा.

तिनं थांबायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांसाठी एक जोड देतो. दमीचा पहिला चित्रपट ‘लोला’, १९६१ चा, नाँतमध्ये घडणारा. त्यात आनूक एमेची लोला कॅबरेत नाचते, एकटीनं मुलगा वाढवते आणि मुलाच्या बापाची वाट बघते. तो सात वर्षांनी खरंच येतो, पांढऱ्या गाडीतून. आणि त्या चित्रपटात लोलाच्या प्रेमात पडून नाकारला गेलेला, बेकार, कंटाळलेला तरुण कोण? हाच रोलाँ कासार, हाच नट मार्क मिशेल. ‘छत्र्यां’मध्ये तो आईला आपली जुनी गोष्ट सांगतो, लोलाचं नाव घेतो, आणि कॅमेरा नाँतच्या त्या रिकाम्या पासाज पोमरे या दुकानांच्या गल्लीतून फिरून येतो. त्याची जी वेगळी धून भीमपलास यांनी सांगितली ती ‘लोला’मधलीच आहे.

म्हणजे दमीनं वाट बघणारी बाईही दाखवलीय आणि न बघणारीही. कुणालाच शिक्षा दिलेली नाही. रोलाँला निव्वळ पैसेवाला स्थळ समजणाऱ्यांनी तर ‘लोला’ जरूर पाहावा. नाकारलं जाणं काय असतं हे त्या माणसाला गीच्या आधीपासून माहीत आहे.

कवडसा

‘लोला’ पाहिलेला नाही, पाहीन. तरीही एक सांगते. सोळा-सतराव्या वर्षी घेतलेल्या परीक्षेचा निकाल तिचा स्वतःचा, हे तुम्ही फार सहज म्हणताय. घरात पैसे असते, दुकान नीट चाललेलं असतं, तर हाच निकाल लागला असता का?

अनवट

नसता लागला. पण मग दोष कराच्या नोटिशीचा आहे, मादाम एमरीचा नाही, आणि मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

जुई

टिटवी, गीबद्दल माझं मत तुमच्या उलट आहे, आणि ते मादलेनमुळे.

या धाग्यात तिला कुणी विचारलेलंच नाही. चित्रपटातही तिच्याकडे कुणी बघत नाही, पहिल्या भागात ती येते, मावशीला औषध देते, निघून जाते. मावशी गेल्यावर गी तिला थांब म्हणतो. ती आधी थांबायला तयार नसते, त्याच्या रिकामटेकडेपणाबद्दल स्पष्ट बोलते. मग तो सावरतो, मावशीच्या पैशातून पंप घ्यायचं ठरवतो आणि कॅफेत तिला लग्नाचं विचारतो. तिच्या अंगावर नारिंगी कपडे, मागची भिंतही नारिंगी. ती लगेच हो म्हणत नाही. तू अजून जनव्हिएव्हचा विचार करतोस का, केवळ निराशेपोटी माझ्याकडे आलायस का, असं तोंडावर विचारते. आख्ख्या चित्रपटात इतका सरळ प्रश्न दुसऱ्या कुणी कुणाला विचारलेला नाही. आणि तो सांगतो की आता तिचा विचार करायचा नाही, मला तुझ्याबरोबर सुखी व्हायचंय.

पंपावर गाडीच्या काचेकडे न जाणं म्हणजे तो शब्द पाळणं आहे. तो एकदा गेला असता तर परत परत गेला असता, आणि फ्रान्स्वाझला आधीच एक बाप आहे, ज्यानं तिला आपलं म्हटलंय. गी थंड नाही हो. जनव्हिएव्ह विचारते, तू बरा आहेस ना, तेव्हा तो फार बरा आहे म्हणतो. पाठोपाठ मादलेन आणि मुलगा येतात तेव्हा बर्फात पोराशी खेळतो ते बघा, अंगात जीव आल्यासारखा खेळतो.

टिटवी

मादलेनचा कॅफेतला प्रश्न मी तितक्या लक्षानं पाहिला नव्हता, तो पुन्हा बघते. पण मुलीच्या बाजूनं मी अजून ठाम आहे. शब्द मादलेनला दिला होता, पोरीला एकदा नुसतं पाहिल्यानं तो मोडत नाही. काच खाली करायची, हसायचं, नाव विचारायचं. एवढंही त्याला जमलं नाही, आणि फ्रान्स्वाझला कधीच कळणार नाही की त्या पंपावर कोण उभं होतं.